फॉरमॅटनंतर ड्रायव्हर कुठून घ्यायचे? (लॅपटॉप, थंब मशीन, जुने प्रिंटर, सगळं इथेच विचारा)

यावलकर
नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात आमचं सेवा केंद्र आहे. दाखले, उतारे, पीएम किसानची केवायसी, केळीच्या फळपीक विम्याचे अर्ज अशी कामं चालतात. लॅपटॉप फार हळू झाला होता म्हणून एका दुकानात फॉरमॅटला दिला. परत आला तो विंडोज ११ टाकून, पण वाय-फायचं चिन्हच गायब, टचपॅड हलत नाही, स्क्रीनवर सगळं मोठं मोठं आणि ताणल्यासारखं दिसतं. थंब मशीन (आधारसाठी बोटाचा ठसा घेणारं) लावलं की टिंग असा आवाज येतो, पुढे काही नाही.

दुकानदाराने सोबत एक 'ड्रायव्हर अपडेटर' टाकून दिलाय. तो स्कॅन करून लाल अक्षरांत लांबलचक यादी दाखवतो आणि दुरुस्तीचं बटण दाबलं की वर्षाचे पैसे मागतो. भरावेत का? विम्याची मुदत जवळ आली की दाराबाहेर रांग लागते, त्याआधी मशीन उभं करायचंय. कुणी नीट सांगेल का?

तापीकाठ
यावलकर दादा, एक रुपया भरू नका. आधी तो अपडेटर काढून टाका. मी भुसावळला दुरुस्तीचं काम करतो आणि असे अपडेटर टाकलेली मशीन कायम टेबलावर येतात. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या भागाला विंडोजशी बोलायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर. लाल यादीत चालू असलेले ड्रायव्हरसुद्धा 'जुने' म्हणून दाखवलेले असतात. मायक्रोसॉफ्टच्या कितीतरी ड्रायव्हरवर तारीखच २००६ ची असते. ती मुद्दाम जुनी ठेवलेली आहे, म्हणजे कंपनीचा खास ड्रायव्हर आला की विंडोज त्याला पसंती देतं. त्या तारखेवरून माणसाला घाबरवायचं आणि पैसे घ्यायचे हे मला अजिबात पटत नाही. खेड्यातल्या माणसाला तर यातलं काही तपासताही येत नाही.

आता कामाचं. इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, ही गाठ आधी सोडवू. अँड्रॉइड मोबाईल डेटा केबलने लॅपटॉपला जोडा. मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' असतं, ते चालू करा. विंडोज मोबाईलला लॅन कार्ड म्हणून ओळखतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने हे बटण चालूच होत नाही आणि माणूस उगाच मोबाईलला दोष देतो.

नेट आलं की सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स. तिथे 'ड्रायव्हर अपडेट्स' अशी घडी दिसेल, ती उघडा. सध्या तुमच्याकडे काहीच नाही, तेव्हा सगळ्यांना खूण करून टाका. एक-दोनदा रिस्टार्ट लागेल. माऊस असेल तर लावा, टचपॅडचं नंतर बघू.

त्यानंतर विंडोजचं बटण आणि एक्स दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा. जिथे पिवळी खूण दिसेल ती नावं जशीच्या तशी इथे लिहा.

अमळनेरची
वाचनखूण साठवली. याच विषयावर माझाही प्रश्न आहे. मी पुण्यात असते, बाबा अमळनेरला. ते निवृत्त शिक्षक आहेत, कॉम्प्युटरवर कीर्तनं ऐकतात. अपडेटनंतर आवाजच गेलाय. स्पीकर दुसऱ्या मशीनला लावून पाहिले, ते ठीक आहेत. फोनवरून त्यांना किती सांगणार? डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण काहीच नाही म्हणतात.

तापीकाठ
ताई, फोनवर सांगत बसू नका. बाबांच्या मशीनवर 'क्विक असिस्ट' असतं, दोघांनी उघडा. तुम्हाला मिळालेला कोड त्यांनी टाकला की त्यांची स्क्रीन तुम्हाला दिसेल.

पिवळी खूण नसली म्हणजे ड्रायव्हर बरोबर आहे असं नव्हे. आवाजाच्या यादीत त्याच नावावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. तिथे 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबता येत असेल तर आधी तेच करा, जुना परत बसतो. ते बटण फिकट असेल तर मागचा ड्रायव्हर शिल्लकच नाही. मग 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', आणि खाली 'लेट मी पिक' अशी ओळ आहे ती. यादीत 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' असं साधं नाव दिसेल. तो मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर. इक्वलायझरसारख्या खास सोयी जातील, पण कीर्तन ऐकू येईल.

यावलकर
दादा, टेदरिंग लगेच जमलं. स्क्रीन एकदम नीट झाली. पिवळ्या खुणा बऱ्याच गेल्या, पण वाय-फाय आणि टचपॅड अजून तसेच. उरलेली नावं: नेटवर्क कंट्रोलर, पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर, एसएम बस कंट्रोलर, पीसीआय डेटा अक्विझिशन अँड सिग्नल प्रोसेसिंग कंट्रोलर, आणि तीन-चार ठिकाणी नुसतं 'पीसीआय डिव्हाइस'. यातलं वाय-फाय कोणतं तेच कळत नाही. लॅपटॉप इंटेलच्या ११ व्या पिढीचा आहे.

तापीकाठ
या नावांवर जाऊ नका. विंडोजला भाग ओळखता आला नाही की ते असं मोघम नाव देतं. खरी ओळख आत असते. नेटवर्क कंट्रोलरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, 'डिटेल्स', आणि वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. एक लांब ओळ दिसेल. तिच्यात व्हीईएन या अक्षरांपुढे चार आकडे-अक्षरं आणि डीईव्हीपुढे चार. हा त्या भागाचा सातबारा समजा: पहिल्यावरून मालक कळतो, दुसऱ्यावरून गट. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी, १४ई४ ब्रॉडकॉम. बाहेरून यूएसबीत लावलेल्या वस्तूला व्हीआयडी आणि पीआयडी असतं, पद्धत तीच. एकदा हे वाचायला आलं की कुठल्याही अपडेटरची गरज उरत नाही. मला या धाग्यात सगळ्यात जास्त हेच पोचवायचंय.

तुमच्या पिढीत बहुतेक ८०८६ आणि ए०एफ० निघेल. म्हणजे इंटेलचं वाय-फाय ६ एएक्स२०१. तसं असेल तर इंटेलच्या साइटवरून विंडोज ११ चं वाय-फाय पॅकेज घ्या.

बाकीचे सांगतो. 'सिंपल कम्युनिकेशन्स' म्हणजे बहुधा इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन. 'एसएम बस' चिपसेटच्या (बोर्डावरचे भाग जोडणाऱ्या चिपच्या) पॅकेजने जातं. 'सिग्नल प्रोसेसिंग' हा तापमान आणि वीज सांभाळणारा भाग, त्याचं पॅकेज 'डायनॅमिक ट्यूनिंग' नावाने मिळतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा हा ड्रायव्हर वगळू नका.

आणि टचपॅड. लोक टचपॅडचा ड्रायव्हर शोधून शोधून दमतात. नव्या लॅपटॉपमध्ये टचपॅड 'आय-टू-सी' नावाच्या तारेवर असतो आणि ती तार चालवतो 'सीरियल आयओ'चा ड्रायव्हर. तो बसत नाही तोवर टचपॅड यादीत दिसतच नाही. तुमचे ते नुसते 'पीसीआय डिव्हाइस' बहुधा तेच आहेत. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाका, चिपसेटच्या भागात 'सीरियल आयओ' मिळेल. खालचं स्टिकर पुसलं असेल तर मशीन सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) जा, पहिल्याच पानावर नंबर असतो.

क्रम असा ठेवा: चिपसेट, मग सीरियल आयओ आणि मॅनेजमेंट इंजिन, मग ग्राफिक्स, वाय-फाय, आवाज. लॅपटॉपला शक्यतो लॅपटॉपच्या कंपनीचाच ड्रायव्हर. चिप बनवणाऱ्याचा नवा असतो हे खरं, पण लॅपटॉपवाल्याने तो त्या मॉडेलवर तपासून दिलेला असतो.

खान्देशी_भो
धुळ्याहून राम राम. माले बी एक इचारनं शे. डीटीपीचं दुकान आहे, जुना लेझर प्रिंटर अजून मस्त छापतो. मशीन बदललं, विंडोज ११ आलं, आणि प्रिंटरच्या सीडीतला ड्रायव्हर बसेना. काय करू आते? चालता प्रिंटर भंगारात देववत नाही.

तापीकाठ
भंगारात देऊ नका. सीडीतला ड्रायव्हर ३२ बिटचा असणार. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यात ३२ बिटचा ड्रायव्हर कितीही जोर लावला तरी बसत नाही. प्रिंटर कंपनीच्या साइटवर 'युनिव्हर्सल प्रिंट ड्रायव्हर' आहे का बघा. प्रिंटरला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट भाषा येत असेल तर त्याने काम होतं. माहितीपत्रकात या दोन्हींपैकी काहीच नसेल तर तो 'होस्ट-बेस्ड' प्रिंटर. म्हणजे पानाची सगळी जुळवणी कॉम्प्युटर करतो, प्रिंटर फक्त छापतो. त्याला त्याचाच ड्रायव्हर लागतो.

सातपुड्याखाली
अशा प्रिंटरला मी एक मार्ग सांगतो. मी शहाद्याजवळ शाळेत शिकवतो. जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकून ते प्रिंटरला कायमचं जोडून ठेवा. लिनक्समध्ये 'कप्स' नावाची छपाईची व्यवस्था असते आणि कितीतरी जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर त्यात अजून जिवंत आहेत. कप्समधून प्रिंटर नेटवर्कवर शेअर केला की विंडोज ११ त्याला 'आयपीपी' (नेटवर्कवरून छापण्याची सर्वमान्य पद्धत) प्रिंटर म्हणून जोडतं, कंपनीचा ड्रायव्हर मागत नाही. मात्र आधी तुमचं मॉडेल 'ओपनप्रिंटिंग'च्या यादीत शोधा. तिथे चालतो म्हटलं असेल तरच हा खटाटोप करा.

शाळांचाही मुद्दा इथेच मांडतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या भागातल्या शाळांत असलेली बरीच मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून ती कपाटात जाताना मला पाहवत नाही. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नेलमध्येच (त्याच्या गाभ्यातच) असतात, पेन ड्राइव्हवरून सुरू केलं की वाय-फाय, आवाज, टचपॅड चालतात का ते न बसवताच कळतं. 'एलएसपीसीआय' कमांडला 'एनएनके' जोडलं की तापीकाठ म्हणतात तेच आकडे दिसतात आणि कोणता ड्रायव्हर चालू आहे तेही. अडचण येते ती ब्रॉडकॉमच्या जुन्या वाय-फायला आणि एनव्हिडियाला. त्यासाठी मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' आहे, तिथून बसवायचे.

खान्देशी_भो
माना प्रिंटर यादीत शे! जुनं मशीन आहेच कोपऱ्यात, याच आठवड्यात मिंट टाकतो.

केळीबाग
रावेरहून. बागेत हवामान केंद्र लावलंय. तापमान, आर्द्रता, पानाचा ओलावा. करप्याच्या फवारणीचं त्यावरून ठरवतो. त्याची नोंदपेटी यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडतो. नव्या कॉम्प्युटरवर 'कोड १०' येतो आणि नावाच्या जागी 'फेज्ड आउट सिन्स २०१२' असं काहीतरी लिहून येतं. जुन्या विंडोज ७ वर चालत होतं. पेटी बिघडली का?

तापीकाठ
पेटी ठणठणीत आहे. केबलमध्ये 'पीएल२३०३' जातीची यूएसबी-टू-सीरियल चिप आहे. तिच्या जुन्या पिढीचा आधार नव्या ड्रायव्हरमधून काढलाय आणि तो ड्रायव्हर नावाच्या जागीच तसं सांगतो. विंडोज अपडेट हाच नवा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा आणून बसवतं. 'लेट मी पिक'च्या यादीत जुनी आवृत्ती असेल तर ती निवडून काही काळ चालेल. मी म्हणेन केबलच बदला. एफटीडीआय किंवा सीएच३४० चिपची केबल जळगावला गोलाणी मार्केटमध्ये मिळून जाईल. आयडी बघून खात्री करा: एफटीडीआयचा व्हीआयडी ०४०३, सीएच३४० चा १ए८६. नवी केबल लावली की कॉम पोर्टचा नंबर बदलतो, पेटीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बदलायला विसरू नका.

कोड सगळ्यांनीच बघत चला. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण वस्तू सुरू होत नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरवर सही नाही, असा ड्रायव्हर बळजबरीने बसवू नये. ४३ म्हणजे वस्तूनेच बिघाड कळवलाय, आणि तिथे फार वेळा ड्रायव्हरचा दोष नसतो. सैल पोर्ट, तुटकी केबल, धुळीने तापलेलं कार्ड. पोर्ट बदलून आणि पंखा साफ करून मगच ड्रायव्हरला हात लावा.

अमळनेरची
बाबांचा आवाज आला! रोल बॅक फिकटच होतं, साध्या ऑडिओ डिव्हाइसने काम झालं. आता पुढच्या अपडेटला परत जाणार नाही ना? आणि एक. भावाने बायोसही अपडेट करून टाक म्हटलंय, करू का?

तापीकाठ
जाऊ शकतो. सर्चमध्ये 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' लिहा आणि तिथे 'नो' निवडा. ड्रायव्हर आपोआप येण्याचं प्रमाण त्याने कमी होतं.

बायोस करू नका, ताई. चालत्या मशीनचा बायोस कारणाशिवाय बदलायचा नसतो. सुरक्षेची मोठी त्रुटी असेल, किंवा इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरसारखा प्रकार असेल तर जरूर करावा. त्या प्रोसेसरांना जादा व्होल्टेजने इजा होत होती आणि २०२४ मध्ये त्यावरची प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती (मायक्रोकोड) बायोसमधूनच आली. पण मधेच लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. गावाकडे लाईटचा काय भरवसा? यूपीएस असल्याशिवाय डेस्कटॉपचा बायोस करायचाच नाही, आणि लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जरही लावलेला. शिवाय बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी तो थांबवून ठेवा आणि रिकव्हरी की वहीत उतरवा. नाहीतर बायोसनंतर मशीन ती ४८ अंकी की मागतं आणि बाबांनी ती कुठून द्यायची?

भुईदंड
मी जळगावला इंजिनिअरिंगला आहे, व्हिडिओ एडिटिंगही करतो. 'चालतंय ते हलवू नका' हे ग्राफिक्स कार्डाला लागू नाही असं माझं मत. एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर नव्या गेमला आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला खरंच फरक पाडतो. सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यातच येतात.

तापीकाठ
मान्य. ग्राफिक्स हा अपवाद. पण तोही कंपनीच्या साइटवरून किंवा त्यांच्याच अ‍ॅपमधून. एडिटिंग करता तर 'स्टुडिओ' ड्रायव्हर घ्या, तो 'गेम रेडी'पेक्षा सावकाश आणि जास्त तपासून येतो. आणि वाय-फाय, ब्लूटूथचे सुरक्षा अपडेटही मी टाळत नाही. माझा विरोध आहे तो एका बटणात सगळं बदलण्याला. एका वेळी एक ड्रायव्हर बदला, मशीन वापरून बघा, मग दुसरा. बिघडलं तर कशाने बिघडलं ते तरी कळतं.

यावलकर
दादा, सगळं झालं! आयडी तुम्ही म्हणालात तोच निघाला. सीरियल आयओ बसवल्याबरोबर टचपॅड जिवंत झाला, रिस्टार्टसुद्धा लागलं नाही. आता फक्त थंब मशीन. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर दिसतं, पिवळी खूण नाही, पण केवायसीच्या साइटवर 'डिव्हाइस नॉट रेडी'. बाहेर माणसं बसून आहेत.

तापीकाठ
म्हणजे तुमचा ड्रायव्हर बसलाय, 'आरडी सर्व्हिस' नाही. आधारच्या कामाला दोन्ही वेगवेगळे लागतात. ड्रायव्हर मशीनला विंडोजशी बोलायला लावतो. आरडी सर्व्हिस ठसा मशीनवरच कुलूपबंद करून साइटला देते. थंब मशीनच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलची आरडी सर्व्हिस घ्या, आधी ड्रायव्हर आणि मग ती, या क्रमाने. मग सर्च करून 'सर्व्हिसेस' उघडा आणि ती 'रनिंग' आहे का बघा. ती ११,१०० ते ११,१२० या पोर्टांवर साइटची वाट बघते. अँटिव्हायरस किंवा फायरवॉल तिथे अडवत असेल तर परवानगी द्या. मशीनची नोंदणी संपली असेल तर तेही कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून कळतं. दुसऱ्या कुणी पाठवलेली फाइल टाकू नका, लोकांच्या बोटांचे ठसे आहेत ते.

यावलकर
आरडी सर्व्हिसच नव्हती! टाकली, ठसा लगेच घेतला. फार उपकार झाले. पुढच्या फॉरमॅटला हे सगळं परत करावं लागेल का?

तापीकाठ
नाही. सगळं चालू असताना आत्ताच ड्रायव्हर काढून ठेवा. पेन ड्राइव्हवर 'ड्रायव्हर्स' नावाचं फोल्डर करा. विंडोज टर्मिनल अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि पीएनपीयुटिल, जागा, /एक्स्पोर्ट-ड्रायव्हर, जागा, तारा (*), जागा, आणि त्या फोल्डरचा पत्ता, असं इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर दाबा. बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर त्यात उतरतात. फॉरमॅटनंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'ब्राउझ माय कॉम्प्युटर' करून हेच फोल्डर दाखवायचं आणि 'सबफोल्डर्स'ची खूण ठेवायची. नेट लागत नाही.

आणखी एक. ११ व्या पिढीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही आणि दुकानात 'एसएसडी गेली' म्हणून सांगतात. गेलेली नसते. इंटेलचा 'व्हीएमडी' ड्रायव्हर लागतो, 'रॅपिड स्टोरेज' नावाने लॅपटॉपच्या साइटवर असतो. तो सुटा करून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवा आणि इन्स्टॉल करताना 'लोड ड्रायव्हर' दाबून दाखवा, डिस्क समोर येते.

यावलकर
शेजारच्या गावच्या केंद्राकडे दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप आहे. त्यांना हेच फोल्डर दिलं तर चालेल?

तापीकाठ
मॉडेल वेगळं असेल तर देऊ नका. आयडी जुळला नाही तर विंडोज तो घेणार नाही, म्हणजे नुकसान नाही, पण उपयोगही थोडाच. त्यांना त्यांच्या मशीनवर हीच कमांड चालवायला सांगा. आरडी सर्व्हिस यात येत नाही, तिची फाइल वेगळी ठेवायची. फोल्डरच्या नावात मॉडेल आणि महिना लिहा.